लिंबूसत्वानं जखम भरते, मग दाताची कीड का नाही? लातूरचं संशोधन आणि आपलं तोंड

डोंगरकडा (ता. कळमनुरी) | प्रतिनिधी

दात दुखायला लागला की मोबाईल हातात घ्यायचा आणि उपाय शोधायचा, ही आता गावोगावची सवय झाली आहे. आणि मोबाईलवर पहिल्या पाच उपायांत एक हमखास सापडतो, तो म्हणजे लिंबू. कुणी सांगतं लिंबाची फोड मिठात बुडवून दातावर घासा. कुणी सांगतं किराणा दुकानातलं लिंबूसत्व पाण्यात कालवून चूळ भरा, कीड मरते. त्याला जोड म्हणून "डॉक्टर लोकांनी संशोधन केलंय" असंही लिहिलेलं असतं.

यातली गंमत अशी की संशोधन झालंय हे खरं आहे. आणि ते कुठं लांब परदेशातच नाही, आपल्या मराठवाड्यात, लातूरला झालंय. पण ते नेमकं कशावर झालं, डॉक्टर ते औषध तोंडात कुठं वापरतात आणि आपण घरी वापरलं तर काय होतं, ही तीन उत्तरं वेगवेगळी आहेत. ती एकत्र कालवली की दाताचं नुकसान ठरलेलं. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

लिंबूसत्व म्हणजे नेमकं काय?

किराणा दुकानात पांढऱ्या साखरेसारखे खडे मिळतात, ढोकळ्यात, सरबतात टाकायचे, तेच लिंबूसत्व. शास्त्रात त्याला सायट्रिक अ‍ॅसिड म्हणतात. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७८४ साली लिंबाच्या रसातून ते पहिल्यांदा खड्याच्या रूपात वेगळं काढलं. लिंबाच्या रसात साधारण ५ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड असतं.

नावात लिंबू असलं तरी आज बाजारात मिळणारं लिंबूसत्व लिंबापासून बनत नाही. १९१७ साली जेम्स करी या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की एका काळ्या बुरशीला साखर खायला घातली तर ती भरपूर सायट्रिक अ‍ॅसिड तयार करते. तेव्हापासून कारखान्यात साखर, उसाची मळी किंवा मक्याच्या स्टार्चवर ही बुरशी वाढवून ते बनवतात. म्हणजे आपल्या भागातल्या ऊसवाल्यांनाही हा पदार्थ अगदी परका नाही.

पाकिटातल्या खाऊवर, कोल्ड्रिंकवर, मुलांच्या आंबट गोळ्यांवर बारीक अक्षरात "आयएनएस ३३०" लिहिलेलं दिसलं, तर ते हेच.

लातूरला काय काम झालं?

लातूरच्या महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस अँड रिसर्च या वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक डॉ. बसवराज नागोबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायट्रिक अ‍ॅसिडवर अनेक वर्षं काम केलं. त्यांचा प्रश्न साधा होता. दवाखान्यात काही रुग्णांच्या जखमा महिनोन्महिने भरत नाहीत. भारी अँटिबायोटिक देऊनही पू थांबत नाही, कारण त्यातले जंतू औषधाला दाद देईनासे झालेले असतात. स्युडोमोनास नावाचा जंतू यात फार चिवट. भाजलेल्या रुग्णांना, मधुमेहींच्या पायाच्या जखमेला तो विशेष छळतो. मग स्वस्तातलं दुसरं काही चालतं का?

त्यांनी ३ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड जखमेवर लावून पाहिलं. स्युडोमोनासच्या वरवरच्या जखमांवरचा त्यांचा निबंध १९९८ साली इंग्लंडच्या एका वैद्यकीय मासिकात आला. विजेच्या धक्क्यानं भाजलेल्या जखमेवरचं कामही त्याच वर्षी छापून आलं. २००२ साली कुष्ठरुग्णांच्या न भरणाऱ्या जखमांवर, तर २०१० साली मधुमेहाच्या पायाच्या जखमांवर त्यांचं लेखन प्रसिद्ध झालं. जिथं महागडी औषधं थकली, तिथं या साध्या पदार्थानं अनेक जखमा भरून आल्या, असा त्यांचा अनुभव आहे.

हे कसं घडतं? जुनी, चिघळलेली जखम आतून अल्कधर्मी झालेली असते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर तिचा सामू वाढलेला असतो, ७ च्या वर गेलेला असतो. स्युडोमोनाससारख्या जंतूंना अशी जागा मानवते. सायट्रिक अ‍ॅसिड लावलं की सामू खाली येतो, जंतूंना तिथं राहणं अवघड होतं. शिवाय जखम भरून आणणाऱ्या पेशी वाढायला आणि नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटायला मदत होते.

इथं एक धोक्याची सूचना आधीच देऊन ठेवतो. हे वाचून कुणी किराणा दुकानातलं लिंबूसत्व कालवून शुगरवाल्या माणसाच्या पायाच्या जखमेवर टाकू नये. दवाखान्यात आधी जखम किती खोल आहे ते बघतात, सडलेला भाग काढतात, जंतूंची तपासणी करतात, साखर आटोक्यात आणतात, मग निर्जंतुक केलेलं औषध मोजून लावतात. हाडापर्यंत गेलेल्या जखमेला नुसत्या अ‍ॅसिडचा उपयोग नाही, आणि त्यात गेलेला वेळ पाय गमवायला पुरेसा असतो.

मग दातावर का नको?

जखमेवर चालतं तर तोंडात का नाही, हा प्रश्न रास्त आहे. त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण, दात हा मांसाचा नाही, तो कॅल्शियमचा आहे. दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातली ही सगळ्यात कडक वस्तू. वजनानं बघितलं तर साधारण ९६ टक्के खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. आणि अ‍ॅसिड कॅल्शियमचं काय करतं हे केळीवाल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

आपल्याकडं बोअरचं पाणी जड असलं की ठिबकच्या ड्रीपरमध्ये पांढरा क्षार साचतो, तोट्या बंद पडतात. मग आपण ठिबकला अ‍ॅसिड सोडतो. मोजून सोडतो, नळ्यांत ठरलेला वेळ ठेवतो, नंतर स्वच्छ पाण्यानं धुऊन काढतो. तो पांढरा क्षार म्हणजे कॅल्शियम आणि अ‍ॅसिडनं तो विरघळतो. नळी प्लास्टिकची असते म्हणून ती वाचते. पण दातात नळीही कॅल्शियमची आणि क्षारही कॅल्शियमचाच. अ‍ॅसिड दोघांत फरक करत नाही.

घरात बघायचं असेल तर कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा थेंब थोडा वेळ राहू द्या. चमक गेलेला पांढुरका डाग पडतो आणि तो कितीही पुसला तरी जात नाही, कारण वरचा थरच विरघळलेला असतो. दातावर लिंबू घासलं की हेच होतं.

आकड्यात सांगायचं तर, सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ असतो. ३ टक्के लिंबूसत्वाच्या पाण्याचा सामूही २ च्या आसपास. माती परीक्षण करणाऱ्यांना माहीत आहे की सामूत एका आकड्याचा फरक म्हणजे आंबटपणात दहापट फरक. म्हणजे ५.५ आणि २.५ यात हजारपट अंतर आहे. त्यात सायट्रिक अ‍ॅसिडची आणखी एक खोड आहे. ते नुसतं विरघळवत नाही, कॅल्शियमला धरून ठेवतं आणि सोबत घेऊन जातं.

जखमेवर नवीन कातडी येते. हाड मोडलं तर जुळतं. इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात.

दुसरं कारण जंतूंचं. दातात आळी नसते. १८९० साली अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी मांडलं की तोंडातले जंतू साखर-स्टार्च खाऊन अ‍ॅसिड तयार करतात आणि त्या अ‍ॅसिडनं दात पोखरला जातो. पुढं १९२४ साली यातला एक प्रमुख जंतू सापडला, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स. हा जंतू स्वतःच अ‍ॅसिड बनवतो आणि अ‍ॅसिडमध्येच मजेत राहतो. बाकीचे निरुपद्रवी जंतू आंबट वातावरणात मागं पडतात, हा टिकून राहतो.

म्हणजे जखमेतल्या स्युडोमोनासला आंबट नको असतं आणि किडीच्या जंतूला आंबटच हवं असतं. लातूरला जे अ‍ॅसिड जखमेच्या शत्रूविरुद्ध कामी आलं, तेच आपण किडलेल्या दातावर ओतलं तर शत्रूचंच काम हलकं करतो. एका पिकावरचं तणनाशक दुसऱ्या पिकावर मारल्यासारखं आहे हे. औषध खरं असतं, पण शेत चुकतं.

जाता जाता, भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातून "किडे" पाडून दाखवणारे अजून बाजारात बसतात. ते पांढरे किडे म्हणजे बियांतले कोंब असतात. दातातून काहीच पडलेलं नसतं.

दातांचे डॉक्टर हे अ‍ॅसिड कुठं वापरतात?

वापरतात, आणि पन्नास वर्षांपासून वापरतात. पण दाताच्या बाहेर चोळायला नाही.

१. रूट कॅनॉलमध्ये. कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली की डॉक्टर आतली सडलेली नस काढतात आणि मुळाची पोकळी बारीक सुयांनी घासून साफ करतात. घासताना भुसा तयार होतो आणि तो मुळाच्या भिंतीवर लेपासारखा बसतो. भिंतीला केसाहून बारीक हजारो भोकं असतात, ती या लेपानं बुजतात आणि आत जंतू अडकून राहतात. ठिबकची तोटी बुजावी तसंच. हा लेप काढायला १९७५ च्या सुमारास सायट्रिक अ‍ॅसिड वापरायला सुरुवात झाली. आज बहुतेक ठिकाणी यासाठी ईडीटीए नावाचं दुसरं औषध चालतं, काही ठिकाणी १० टक्क्यांच्या आसपास सायट्रिक अ‍ॅसिड.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की इथंही जंतू मारायचं मुख्य काम सायट्रिक अ‍ॅसिड करत नाही. ते काम सोडियम हायपोक्लोराइट करतं, म्हणजे ब्लीचिंगच्या जातीचं औषध. सायट्रिक अ‍ॅसिड फक्त रस्ता मोकळा करतं. तेही दाताच्या आत, थोडाच वेळ, मग धुऊन काढतात आणि पोकळी भरून बंद करतात.

२००३ साली अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठातल्या डॉ. महमूद तोराबिनेजाद यांच्या गटानं एक मिश्रण काढलं. त्यात ३ टक्के डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, ४.२५ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड आणि थोडं साबणासारखं काम करणारं द्रव्य होतं. शेवटची धुवण म्हणून ते वापरायचं. त्याचा बराच गाजावाजा झाला, पण नंतरच्या सगळ्याच तपासण्यांत ते जुन्या औषधापेक्षा सरस ठरलं असं नाही.

२. हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत. हिरडी सैल होऊन दात हलायला लागतो, त्याला पायोरिया म्हणतात. यात हिरडी उघडून दाताच्या मुळावरचा थर साफ करतात. १९७५-७६ मध्ये रजिस्टर आणि बर्डिक या संशोधकांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की मुळावर दोन-तीन मिनिटं तीव्र सायट्रिक अ‍ॅसिड लावलं तर हिरडी पुन्हा चांगली चिकटते. सगळीकडं आशा वाढली. पण माणसांवर झालेले सगळे अभ्यास एकत्र करून २००३ साली मारिओटी यांनी आढावा घेतला, तेव्हा रुग्णाला त्यातून लक्षात येण्याजोगा जास्तीचा फायदा दिसला नाही.

हे सांगायचं कारण असं की प्रयोगशाळेत जंतू मेला किंवा प्राण्यात हिरडी चिकटली म्हणून ते औषध माणसाला लागू पडेलच असं नसतं. "संशोधन झालंय" आणि "उपयोग होतो" यात बरंच अंतर आहे. कृषी प्रदर्शनातल्या प्लॉटवर एकरी जे उत्पन्न दिसतं, ते आपल्या रानात दिसतंच असं नाही, तसंच हे.

३. कवळी साफ करायच्या गोळ्या. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या या गोळ्यांत बहुधा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड असतं, इनोसारखंच. पण त्या गोळ्यांच्या पाण्यात कवळी बाहेर काढून ठेवायची असते. ते पाणी तोंडात घ्यायचं नाही.

हिरडीतून रक्त आणि लिंबू, हे वेगळं प्रकरण

"पूर्वी खलाशांच्या हिरड्या लिंबानं बऱ्या झाल्या, मग?" असं कुणी विचारलं तर तेही खरं आहे. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातल्या डॉक्टरनं आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला संत्री आणि लिंबू खायला दिलं ती सगळ्यात लवकर उठून बसली. त्यांना स्कर्व्ही झाला होता, ज्यात हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात पडतात.

पण तिथं काम केलं ते क जीवनसत्त्वानं, सायट्रिक अ‍ॅसिडनं नाही. आणि ते पोटात गेलं म्हणून काम झालं, दातावर चोळलं म्हणून नाही. दुकानातल्या लिंबूसत्वात क जीवनसत्त्व अजिबात नसतं. म्हणून जेवणात लिंबू पिळा, पेरू खा, आवळा खा. हिरड्यांना त्याचा फायदा आहे. लिंबूसत्वाची चूळ भरून मात्र तो फायदा मिळत नाही.

आणि आज आपल्याकडं हिरडीतून रक्त येतं ते बहुतेक वेळा स्कर्व्हीमुळं नाही. दातावर साचलेल्या किटणामुळं, तंबाखूमुळं किंवा शुगर वाढल्यामुळं येतं. शुगर आणि हिरड्या यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. शुगर वाढली की हिरड्या लवकर सडतात आणि हिरड्या सडल्या की शुगर आटोक्यात राहत नाही.

घरोघरी होणाऱ्या चुका

पिवळे दात पांढरे करायला लिंबू-मीठ किंवा लिंबू-सोडा. दोन-चार दिवस दात पांढरे दिसतात, कारण वरचा थर खरवडून निघालेला असतो. पुढं इनॅमल पातळ होतं आणि त्याखालचा पिवळा थर दिसायला लागतो. म्हणजे दात आधीपेक्षा पिवळे होतात, शिवाय गार-गरम झोंबायला लागतं.

बोअरच्या पाण्याचे डाग. मराठवाड्यात काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त पाणी लहानपणी प्यायल्यास दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात. हे डाग इनॅमलच्या आत असतात. लिंबानं घासून ते जाणार नाहीत. तिथं गावाचं पाणी तपासून घेणं हा खरा उपाय.

तोंड आल्यावर लिंबूसत्व. तोंडातल्या फोडावर अ‍ॅसिड लावलं की आग होते आणि फोड आणखी मोठा होऊ शकतो.

दातात गोळी दाबून ठेवणं. डोकेदुखीची गोळी कुटून दाताजवळ ठेवतात. तीही आम्लाच्या जातीची असली तर गालाची आतली कातडी पांढरी पडून भाजते. गोळी गिळायची असते.

मिसरी, तंबाखू लावणं. थोडी गुंगी येते, दुखणं विसरल्यासारखं होतं. त्याची किंमत मात्र फार मोठी.

लिंबू झोंबतंय, हीच खूण असू शकते

एक गोष्ट खर्रा, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांनी नीट वाचावी. आधी चालणारं लिंबू, लोणचं, तिखट आता तोंडाला सहन होत नाही, आग होते, असं वाटायला लागलं तर ते हलक्यावर घेऊ नका. सुपारीमुळं तोंडाची आतली कातडी कडक होत जाण्याच्या आजाराची ही सुरुवातीची खूण आहे. पुढं तोंड उघडणं कमी होतं. आपलीच तीन बोटं उभी जोडून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तपासून घ्या. या आजाराचा पुढं कॅन्सर होऊ शकतो.

तसंच तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर लिंबू, हळद, मध काही लावत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे.

रात्री दात ठणकतोय, तर करायचं काय?

कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून चुळा भरा. दातात अडकलेला घास दोऱ्यानं हळूच काढा. बाहेरून गालाला गार पाण्याची पट्टी ठेवा. शेकू नका, शेकल्यानं सूज वाढू शकते. लवंग तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन किडीच्या खड्ड्यात ठेवला तर तात्पुरता आराम पडतो, पण हिरडीला लागू देऊ नका. डॉक्टरांनी आधी सांगितलेली चालणारी वेदनाशामक गोळी घेता येते. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या मात्र घेऊ नका. लातूरच्या संशोधकांना ज्या चिवट जंतूंनी जेरीस आणलं, ते अशाच अर्धवट औषधांनी तयार होतात.

हे सगळं सकाळपर्यंत वेळ काढायला. दात दुखायचा थांबला म्हणजे बरा झाला असं नाही. नस मेली की दुखणं थांबतं आणि पू खाली हाडात साचत राहतो.

पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला, श्वास घ्यायला त्रास, सूज डोळ्याकडं किंवा मानेकडं चाललीय, सोबत ताप. दाताचा पू गळ्यात उतरून श्वासाची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी १०८ ला फोन करा. दाताच्या दुखण्यानं माणूस जातो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण जातो.

एरवी आपल्या भागातल्या लोकांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात हे कळमनुरीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात आधी विचारून घ्यावं, म्हणजे एक चक्कर वाचते. नांदेडलाही दंत महाविद्यालय आहे.

वाचकांना पडणारे प्रश्न

उन्हाळ्यात शेतात लिंबू सरबत प्यायचं की नाही?
प्या. पण बाटली भरून दिवसभर घोट-घोट घेत बसू नका. एकदाच प्या आणि वरून साध्या पाण्याची चूळ भरा. दाताला त्रास किती प्यालं यापेक्षा किती वेळा आंबट लागलं यानं जास्त होतो.

आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करावा का?
नाही. आंबटानं वरचा थर मऊ झालेला असतो, लगेच घासलं तर तो निघून जातो. अर्धा ते एक तास थांबा. तेवढ्या वेळात लाळ आंबटपणा कमी करते आणि थोडं कॅल्शियम दाताला परत देते.

लिंबू बघितलं की तोंडाला पाणी सुटतं, ते चांगलं ना?
लाळ चांगलीच. लाळेच्या गाठीत खडा झाला असेल तर डॉक्टर स्वतः लिंबाची फोड चोखायला सांगतात. पण ते त्या आजारापुरतं आणि सांगितलं तेवढंच.

मुलांच्या आंबट गोळ्या?
त्यात साखर आणि आयएनएस ३३० दोन्ही असतात. म्हणजे किडीला खाऊही मिळतो आणि अ‍ॅसिडही. जिभेवर खूप वेळ राहणाऱ्या गोळ्या सगळ्यात वाईट.

थोडक्यात लक्षात ठेवा

• जखमेवर ३ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड हे लातूरचं खरं संशोधन आहे. ते डॉक्टरांच्या हातून, जखमेसाठी.
• दातांचे डॉक्टर ते दाताच्या आत किंवा मुळावर, थोडाच वेळ वापरतात आणि धुऊन काढतात.
• दातावर लिंबू किंवा लिंबूसत्व चोळू नका, त्याची चूळ भरू नका.
• लिंबू जेवणात खा. दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपताना, फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश करा.
• सूज, ताप, गिळायला त्रास असेल तर लगेच दवाखाना.

ठिबकला अ‍ॅसिड सोडताना आपण डोळ्याला चष्मा लावतो, हातमोजे घालतो, माप बघतो, घड्याळ बघतो. प्लास्टिकच्या नळीसाठी एवढी काळजी घेतो. नळी खराब झाली तर नवीन बंडल आणता येतं. पक्का दात मात्र एकदाच येतो.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावेत.)